नवऱ्याला नाकारलेली गाडी

एका जुन्या गाडीच्या मालकिणीनं माझ्या नवऱ्याला नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी तीच गाडी मी विकत घेतली, ही हकीकत आमच्या नातेवाइकांत दोन प्रकारे सांगितली जाते. सासरचे सांगतात तेव्हा त्यात मी कपटी असते. माहेरचे सांगतात तेव्हा हुशार असते. प्रत्यक्षात काय झालं ते मी सांगते, आणि त्यात मी बऱ्यापैकी कपटी होते हे आधीच कबूल करून टाकते.

विमा कंपनीतल्या नोकरीत बदली होऊन मी कोलकात्याला आले त्याला आता पाच वर्षं होतील. नवरा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून संगणकावर करतो. त्यामुळे बदली माझी झाली तरी त्याच्यासाठी फक्त खिडकीबाहेरचा देखावा बदलला. भवानीपुरात आम्हाला भाड्यानं जागा मिळाली आणि स्थिरस्थावर झाल्यावर त्यानं नवी कोरी गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे मी तिच्याबद्दल थोडं वाईट बोलणार आहे.

गाडीत दूरदर्शन संचाएवढा पडदा होता. काचेचं छत होतं. आत एक बाई बोलायची. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेवरून चाक गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. आता कोलकात्यात रेषेच्या आत राहून गाडी चालवायची म्हणजे घरातच बसून राहण्यासारखं आहे. डोक्यावर गादी घेऊन एखादा माणूस आडवा आला, की गाडी त्याला काय समजायची कोण जाणे, पण जोरात ब्रेक लावायची. तो माणूस गादीसकट वळून आमच्याकडे बघायचा. नवरा म्हणायचा, “बघ, किती काळजी घेते.”

असा हा माणूस एका संध्याकाळी फिरून आला आणि म्हणाला, “मागच्या गल्लीत एक जुनी अँबॅसॅडर उभी आहे. मी ती घेतोय.”

मला वाटलं, वयोमानानं हळवा झाला असेल. तर तसं काही नव्हतं. त्यानं मोबाइलवर चलचित्रं पाहिली होती. जुन्या गाडीचं इंजिन काढून टाकायचं, आत विजेवर चालणारी मोटर बसवायची, पुढे पडदा लावायचा, मागे कॅमेरा, बाहेरून तांबडा भडक रंग. “वरून जुनी, आतून नवी,” तो म्हणाला. हे वर्णन ऐकून मला माझ्या ऑफिसातले दोन-तीन साहेब आठवले, पण मी बोलले नाही.

“मालक विकायला तयार आहेत?”

“मालकीण आहेत. एकट्या राहतात. मी सगळी योजना समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, ‘बघते.’ म्हणजे ठरल्यातच जमा आहे.”

आमच्या इमारतीत आम्हाला गाडी लावायला एकच जागा होती. घरात आधीच त्याची तीन हत्यारांची खोकी, एक न उडणारा ड्रोन आणि अर्धवट उघडलेलं जुनं घड्याळ होतं. यात भर म्हणून पोट फाडलेली अँबॅसॅडर मला नको होती. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तो वादात जिंकतो. म्हणून मी ठरवलं की परस्पर त्या बाईंकडे जायचं आणि माझ्या नवऱ्याला गाडी देऊ नका असं सांगून यायचं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले आणि थेट त्यांच्या दारात गेले. दार उघडलं ते ऐंशीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, पांढरे केस मुलासारखे आखूड कापलेल्या बाईंनी. मी माझी ओळख करून दिली. इथे वयस्कर बाईंना माशिमा म्हणतात, म्हणजे मावशीच. मीही तेच म्हणाले आणि पुढे कायम तेच म्हणत आले.

आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं. माझी हिंदी सांगलीची आणि त्यांची भवानीपूरची, त्यामुळे व्याकरणाची दोन्ही बाजूंनी सारखीच दैना होत होती. त्यांच्या हिंदीत गाडी पुल्लिंगी होती. ‘मेरा गाड़ी अच्छा है, बूढ़ा है, मगर सीधा चलता है,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा क्षणभर मला त्या स्वतःच्या यजमानांबद्दल बोलताहेत असं वाटलं. पुढचं सगळं मी मराठीतच सांगते.

“माझे यजमान काल येऊन गेले,” मी म्हणाले. “माणूस चांगला आहे. पण गाडी त्यांना देऊ नका.”

“का?”

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, ते गाडीला तांबडा रंग देतील. इंजिन भंगारात घालतील. सुरू केलेलं काम पूर्ण करत नाहीत. मग थोडं वाढवून, त्यांना रात्रीचं नीट दिसत नाही, असंही सांगितलं. हे साफ खोटं होतं.

माशिमा शांतपणे ऐकत होत्या. मग आत जाऊन चहा आणि दोन संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, घेऊन आल्या. “त्यांना मी कालच नकार दिला,” त्या म्हणाल्या. “गाडी बघायला आले आणि बुटाच्या टोकानं टायरला लाथ मारून बघितली. कुणाच्या घरी जाऊन तुम्ही घरातल्या माणसाला लाथ मारून बघता का?”

“पण तुम्ही ‘बघते’ म्हणालात ना?”

“तेच तर,” माशिमा म्हणाल्या. “बंगाली माणूस याहून स्पष्ट ‘नाही’ कसं म्हणणार?”

माझं काम आपोआपच झालं होतं. चहा संपवून उठायचं एवढंच बाकी होतं. पण दोन मिनिटं बसून निघणं बरं दिसेना, म्हणून मी विचारलं, गाडी कोण चालवायचं. तर त्या स्वतःच. एका महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. नव्यानं गाडी घेतली तेव्हा या गल्लीत एकही बाई गाडी चालवत नव्हती. सकाळी त्या निघाल्या की गल्लीतले पुरुष दात घासत गच्चीवर यायचे, त्या कुणाला तरी धडक देतील या आशेनं. तीस वर्षं ते ताटकळले. शेवटी डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा माशिमांनी आपणहून गाडी थांबवली.

“बघणार?” त्यांनी विचारलं.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती. तिथे, जुन्या चादरीखाली ती उभी होती. एके काळी सायीच्या रंगाची असावी. आता उकळून आटवलेल्या दुधासारखी दिसत होती. गोल पाठ, गोल डोळे, पुढच्या बंपरवर गंजाचे डाग. माशिमांनी दार उघडलं. ते बंद करताना जो आवाज झाला तो आमच्या नव्या गाडीच्या दाराचा कधी होत नाही. बँकेच्या तिजोरीचा होतो तसा.

“बस,” त्या म्हणाल्या, आणि स्वतः शेजारी जाऊन बसल्या.

मी स्टिअरिंगमागे बसले. पुढची सीट सोफ्यासारखी सलग होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूलाच होता. माझ्या वडिलांच्या ऑफिसच्या गाडीला असाच दांडा होता. गाडी शिकले तीही त्याच गाडीवर, मिरजेच्या रस्त्यावर, ड्रायव्हरकाकांच्या ओरड्यासकट. माशिमांनी चोक ओढायला सांगितला. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा चालू झाली. महिन्यातून एकदा एक मिस्त्री येऊन तिला चालू करून जायचा, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र वाटलं, माझ्यासाठीच चालू झाली.

आम्ही गल्लीतून एक फेरी मारली. ब्रेक अर्धाच लागत होता. हॉर्नला हात लावला तर वायपर फिरला. खिडकीतून गरम वारा, मोहरीच्या तेलाचा वास आणि कुणाच्या तरी शिंगाड्यांचा, म्हणजे आपल्या समोशांचा, वास आत येत होता. परत शेडमध्ये गाडी लावली तेव्हा माझा हात दुखत होता आणि मी हसत होते.

“तुला देईन,” माशिमा म्हणाल्या.

“मला नकोय,” मी म्हणाले.

“बघ,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या दोन अटी होत्या. महिन्यातून एकदा त्यांना गंगेकाठी न्यायचं, आणि गाडी त्यांच्याच शेडमध्ये ठेवायची. दुसऱ्या अटीनं माझी सगळ्यात मोठी अडचण सुटत होती. मी तिथेच हो म्हणाले. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो संगणकावर कुणाशी तरी बोलत होता. त्यानं समोरच्या माणसाला थांबायला सांगितलं.

“एक मिनिट. मला नाही म्हणाल्या आणि तुला दिली?”

“हो.”

“आणि ती त्यांच्याच घरी राहणार?”

“हो.”

“आणि महिन्यातून एकदा त्यातून त्यांनाच फिरवायचं. मग तू नक्की काय विकत घेतलंस?”

त्याचं चिडणं तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी मी त्याला न बोलावता शेडमध्ये गेले, तर तो आधीच तिथे गाडीखाली आडवा पडलेला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. माशिमा खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि पायांना सूचना देत होत्या.

दुरुस्तीसाठी आम्ही मल्लिकबाजारच्या बाजूच्या एका मिस्त्रीला गाठलं. महिन्यातून एकदा गाडी चालू करून जाणारा तो हाच. साठीच्या पुढचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, मितभाषी माणूस. गाडीभोवती त्यानं एक फेरी मारली, बॉनेटला कान लावला आणि म्हणाला, “होये जाबे.” होईल. किती दिवसांत, असं नवऱ्यानं विचारलं. “पूजेच्या आधी,” तो म्हणाला. दुर्गापूजेला तेव्हा दोन महिने होते. पूजा आली, ढोल वाजले, देवी गेली, कालीपूजाही झाली. गाडीची चारही दारं अजून भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्यानं तारखेची आठवण दिली तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाला, “कुठल्या वर्षीची पूजा ते मी सांगितलं नव्हतं.”

नवऱ्याचं आणि त्याचं अजिबात जमेना. नवऱ्यानं संगणकावर एक तक्ता केला होता. कुठला सुटा भाग, कुठून, कधी. तो तक्ता छापून त्यानं मिस्त्रीला दिला. पुढच्या रविवारी त्याच कागदावर कार्ब्युरेटरचे सुटे भाग वाळत घातलेले दिसले. मिस्त्री सगळे प्रश्न मला विचारायचा. “बौदी, सीटला कुठलं कापड?” “बौदी, आरसा एक की दोन?” बौदी म्हणजे वहिनी. माझा नवरा शेजारी उभा असायचा. त्याला फक्त टॉर्च धरायला मिळायची.

मागची सीट काढली तेव्हा आत उंदरांचं जुनं घरटं निघालं. निळ्या लोकरीचं होतं. माशिमांनी ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, “हा तर माझा हरवलेला स्वेटर. आणि मी त्या वर्षी कामवालीवर संशय घेतला होता.” नंतर मला म्हणाल्या की ती बाई आता कुठे असते ते माहीत असतं तर गाडी चालू झाल्यावर पहिली तिच्याकडे नेली असती. शोधायचा प्रयत्नही केला आम्ही. जुन्या पत्त्यावर कुणी ओळखीचं राहिलं नव्हतं.

रंगाच्या बाबतीत मात्र मी लबाडी केली. नवऱ्यानं तांबड्याचा हट्ट सोडला नव्हता आणि मी भांडणात वेळ घालवायच्या मनःस्थितीत नव्हते. “ठीक आहे, तांबडा,” मी म्हणाले. त्यानं जातीनं रंगाचा नमुना निवडला. मी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं की साहेबांचा तांबडा रंग चाकांच्या आतल्या बाजूला लावायचा आणि बाकी गाडी होती तशी सायीची. मिस्त्री पहिल्यांदाच हसला. गाडी रंगवून आली तेव्हा नवरा तिच्याकडे पाहत राहिला.

“माझा तांबडा?”

“आत आहे,” मी म्हणाले. “तूच म्हणाला होतास ना, वरून जुनी, आतून नवी.”

पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला निरुत्तर करण्याचे जे मोजके प्रसंग मला लाभले त्यांतला हा एक.

गाडी चैत्रात पूर्ण झाली. कागदपत्रं, तपासणी वगैरे सोपस्कार नवऱ्यानं केले, कारण सरकारी खिडकीसमोर त्याच्याइतका चिवट माणूस मी पाहिलेला नाही. विजेच्या मोटरीचा नाद त्यानं सोडला होता, पण आता त्याचं प्रेम नव्या गाडीवर दुपटीनं बसलं. माझ्या गाडीतून उतरला की मान चोळायचा. “तुझी गाडी म्हणजे व्यायामशाळा आहे,” म्हणायचा. मी म्हणायचे, “तुझी म्हणजे दवाखाना. सारखं काहीतरी टिंग टिंग वाजत असतं.”

हे असं काही महिने चाललं आणि थंडीत बराकपूरचं आमंत्रण आलं. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र सैन्यात आहे. त्याची बदली बराकपूरच्या छावणीत झाली होती. त्यानं आणि त्याच्या बायकोनं रविवारी जेवायला बोलावलं. भाकरी, भरली वांगी, ठेचा. कोलकात्यात ज्वारीचं पीठ मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. मित्राच्या बायकोनं माझ्याकडे फक्त एक मागितलं होतं, सांगलीची हळद. मी नुकतीच माहेराहून आणली होती, त्यातली अर्धा किलो बांधून घेतली.

जायच्या आदल्या दिवशी जेवताना पैज लागली. त्यानं आपल्या गाडीनं यायचं, मी माझ्या. एकाच वेळी निघायचं. जो नंतर पोचेल त्यानं महिनाभर दोन्ही गाड्या धुवायच्या. माझ्या बाजूला माशिमा होत्या, कारण गंगा बराकपूरलाही आहे आणि त्यांच्या अटीत कुठली गंगा ते ठरलेलं नव्हतं.

आता कबुलीचा भाग. सकाळी नवरा आंघोळीला गेला तेव्हा मी खाली जाऊन त्याच्या गाडीच्या पडद्यावर थोडी फेरफार केली. रस्ता दाखवणाऱ्या नकाशात ‘मोठे रस्ते टाळा’ अशी एक सोय होती. मी ती चालू केली. माझा नवरा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या पडद्यावर जास्त विश्वास ठेवतो. मला खात्री होती की पडद्यानं सांगितलं तर तो स्वयंपाकघरातूनही गाडी नेईल.

निघालो. श्यामबाजारापर्यंत तो माझ्या पुढे होता. मग अचानक डावीकडे एका गल्लीत वळला आणि नाहीसा झाला. माशिमा मागे वळून बघत म्हणाल्या, “हा कुठे गेला?” मी त्यांना सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की त्यांची कवळी सैल झाली.

आम्ही बीटी रोडनं मजेत चाललो होतो. माणसं हात करत होती. सिग्नलला एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यानं खिडकीतून हात काढून बॉनेटवर थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं. सोदेपूरच्या अलीकडे मला पुढून पांढरी वाफ निघताना दिसली. तापमानाचा काटा तांबड्यात गेला होता. गाडी कडेला घेतली.

पाच मिनिटांत आमच्याभोवती सात माणसं जमली. एक जण म्हणाला बॅटरी. दुसरा म्हणाला पेट्रोल. तिसऱ्याच्या काकांची अशीच गाडी होती, त्यांचं पुढे काय झालं ते तो सांगू लागला. चहाच्या टपरीवाल्यानं बादलीभर पाणी आणून दिलं आणि माशिमांना बाकडं पुसून दिलं. इंजिन निवल्यावर मी वाकून बघितलं. रेडिएटरला खालच्या बाजूला बारीक चीर गेली होती आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. पाणी भरलं तरी पाच किलोमीटरांवर पुन्हा हेच होणार होतं.

नवऱ्याला फोन करावा असं मनात आलं. पण त्याला मीच गल्लीबोळांत पाठवलं होतं.

माशिमा मातीच्या भांड्यातला चहा संपवून उठल्या. “हळद आहे का?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं त्यांना कुठे लागलं. “कुठे कापलं?”

“मला नाही. त्याला,” त्या म्हणाल्या आणि गाडीकडे बोट केलं.

त्यांचं म्हणणं असं की जुने ड्रायव्हर हेच करायचे. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरत फिरत भेगेत जाऊन बसते, फुगते आणि ती बुजवते. चांगली चरचरीत हळद हवी, भेसळीची चालत नाही. सातही माणसं जवळ सरकली. मी मागच्या सीटवरून सांगलीची हळद आणली. माशिमांनी चष्मा लावला, टपरीवाल्याकडून चमचा मागून घेतला आणि प्रयोगशाळेत मोजून घालतात तशी रेडिएटरमध्ये हळद घातली. एक, दोन, तीन, चार. मग आणखी दोन. गाडी चालू केली. पिवळं पाणी थोडा वेळ ठिबकलं, मग कमी झालं, मग थांबलं. ज्याच्या काकांची गाडी होती तो म्हणाला, “काकांना हे कुणी सांगितलं नाही.”

आम्ही हळूहळू बराकपूरला पोचलो. मित्राच्या अंगणात दुसरी गाडी नव्हती. मी जिंकले होते. मित्राच्या बायकोला उरलेली हळद दिली आणि कमी झालेली कुठे आहे ते बॉनेट उघडून दाखवलं. तिनं वास घेऊन बघितला. म्हणाली, “वास तर आमटीचा येतोय.”

नवरा पाऊण तासानं आला. माझी कल्पना होती की तो वैतागलेला असेल, घामाघूम झालेला असेल. तो शीळ घालत उतरला. त्याच्या एका हातात मातीचं मडकं होतं, मिष्टी दोईचं, म्हणजे गोड दह्याचं, आणि दुसऱ्या हातात खजुराच्या नव्या गुळाच्या संदेशांचा खोका. मूर्तिकारांच्या गल्लीत तो अर्धा तास अडकला होता. तिथे उतरून सरस्वतीच्या मूर्ती बघितल्या. नंतरच्या एका गल्लीत मिठाईचं एक छोटं दुकान सापडलं, चाखून बघायला म्हणून थांबला आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकाशी त्याची मैत्री झाली. “इतकं कोलकाता मी इथे आल्यापासून पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला.

जेवताना सगळ्यांनी त्याच्या संदेशाची तारीफ केली. माझ्या विजयाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

दही वाढताना तो सहज म्हणाला, “गाडीत ‘मोठे रस्ते टाळा’ कुणी लावलं होतं?”

“आजकालच्या गाड्या फार पुढारलेल्या असतात,” मी म्हणाले. “आपापलं ठरवतात.”

“हिनं लावलं,” माशिमा म्हणाल्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही, त्या वांग्याचा देठ चोखत होत्या. “मला श्यामबाजारला सांगितलं.”

मित्रानं सैनिकी शिस्तीत निकाल दिला. पुढचा महिनाभर दोन्ही गाड्या मी धुतल्या. नवरा गॅलरीतून बघायचा आणि इकडे राहिलं, तिकडे राहिलं, असं सांगायचा.

एवढं वाचून वाटेल की मी जुन्या गाडीच्या बाजूची आहे. तशी होतेही. पण पुढच्या पावसाळ्यात मी नवऱ्याची गाडी घेऊन ऑफिसातून येत होते. हाजरा ओलांडून पुढे आले, रिमझिम होती, वायपर काच पुसत होता. बाजूच्या गल्लीतून दुधाच्या किटल्या लावलेली एक सायकल एकदम समोर आली. मला ती दिसलीसुद्धा नव्हती. माझा पाय हलण्याआधी गाडी स्वतःच थांबली. पट्टा छातीत रुतला. सायकलवाला दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, एका किटलीचं झाकण घट्ट केलं आणि निघून गेला. माझ्या अँबॅसॅडरमध्ये असते तर काय झालं असतं ते मला चांगलं माहीत आहे. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला बोलायची ही केवढी संधी होती, पण त्यानं ती सोडून चहा करून दिला.

त्यानंतर मी जुनी गाडी सावकाश चालवते. फार सावकाश. रिक्षावाले ओलांडून जातात.

मग ती ठेवली कशाला, असं लोक विचारतात. नवी गाडी बिघडली की ती उचलून नेतात, आत संगणक जोडतात आणि एक पेटी बदलून परत देतात. काय बिघडलं होतं ते त्यांनाही सांगता येत नाही. जुनी बिघडली की मला कळतं, मिस्त्रीला कळतं, रस्त्यावरच्या सात माणसांनाही आपल्याला कळलं असं वाटतं. नव्या गाडीतून इतकी वर्षं याच गल्लीतून ये-जा केली, कुणी हटकलं नाही. जुनी घेतल्यापासून मला इस्त्रीवाला, मासेवाली आणि औषधांच्या दुकानातले तिघं भाऊ नावानं ओळखतात. गाडीची विचारपूस करतात आणि ओघात माझीही. परक्या शहरात राहणाऱ्या माणसाला याची काय किंमत असते ते मी सांगू शकते. पण भर उन्हात सिग्नलला उभं राहिल्यावर हे सगळं विसरायला होतं, हेही खरं.

ते माझ्याआधी माशिमाच बोलून गेल्या. यंदाच्या मे महिन्यात, त्यांच्या गंगेच्या फेरीचा दिवस होता. मी शेडमध्ये जाऊन चादर काढली, काचा पुसल्या, रेडिएटर बघितला. माशिमा खाली आल्या, छत्री मिटली आणि गाडीकडे बघत उभ्या राहिल्या.

“आज तुझ्या नवऱ्याची काढ,” त्या म्हणाल्या.

“का? हिला काय झालं?”

“तिला काही झालेलं नाही. मला उकडतंय.”

मी दुखावले, हे नाकारत नाही. ज्या गाडीसाठी त्यांनी माझ्या नवऱ्याला हाकललं, तीच गाडी. मी फोन करून नवऱ्याला खाली बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. इतक्या वर्षांत माझ्याबरोबर बाहेर पडताना त्यानं इतकी तत्परता दाखवल्याचं मला आठवत नाही. माशिमा पुढे बसल्या. त्यानं त्यांना सीट मागे करून दिली, गार वारा पाठीतून येतो तो कसा हे दाखवलं, काचेचं छत उघडून आकाश दाखवलं. माशिमांनी डोळे मिटून म्हटलं, “आह.” मी मागे बसले होते, एकटी, पाण्याची बाटली घेऊन.

फोर्ट विल्यमच्या मागच्या बाजूनं नदीकाठी गेलो. उन्हानं गंगा पांढरी दिसत होती. आम्ही दोघांनी झाडाखाली उतरून मुढी-चणे, म्हणजे कुरमुरे आणि चणे, खाल्ले. माशिमा उतरल्याच नाहीत. काच खाली करून त्यांनी पाण्याकडे पाच मिनिटं बघितलं आणि काच वर करून घेतली. थोड्या वेळानं बघितलं तर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हात पोटावर.

“टायरला लाथ मारली म्हणून नाही म्हणाल्या होत्या ना,” नवरा त्यांच्याकडे बघत म्हणाला.

“हो.”

“चुकलंच माझं.” त्यानं ओंजळीतले शेवटचे चणे मला दिले. “थंडीत तुझी एकदा मला चालवू दे ना. मिस्त्रीला सांगू नकोस.”

मी म्हणाले, “बघते.”

परत निघालो तेव्हा माशिमांना जाग आली. झोपेत पट्टा निसटला होता तो त्यांनी लावला नाही, कारण साडी चुरगळते. गाडीनं टिंग टिंग सुरू केलं. मग त्यातली बाई इंग्रजीत, अत्यंत नम्रपणे, पट्टा लावण्याची विनंती करू लागली. माशिमांनी चष्मा सारखा करून पडद्याकडे रोखून बघितलं आणि वर्गात शेवटच्या बाकाला सांगतात त्या आवाजात म्हणाल्या, “चुप.” बाई थांबली नाही. माशिमाही थांबल्या नाहीत. भवानीपूर येईपर्यंत दोघींचं चाललं होतं, आणि नवरा इतका हसत होता की शेवटी मला म्हणावं लागलं, समोर बघ.